बेटाची राखण

सीताफळाचा हंगाम संपत आला आहे. बदनापूरच्या आमच्या गल्लीत येणाऱ्या हातगाडीवर आता शेवटची, लहान, काळपट डागांची फळं असतात. दसऱ्याला हीच फळं टपोरी होती, डोळे उघडलेली. खवल्यांमधल्या फटी रुंद होऊन आतली पिवळसर कड दिसू लागली, की सीताफळाचे डोळे उघडले म्हणायचं आणि मगच ते झाडावरून उतरवायचं, हे आमच्या डोंगरातलं पहिलं शिक्षण. अक्षरं त्यानंतर.

घरात सगळ्यांची समजूत अशी, की मला सीताफळ आवडत नाही. "आबांना बियांचा कंटाळा," असं सूनबाई पाहुण्यांना सांगते. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. समजुती दुरुस्त न करण्याची मला फार जुनी सवय आहे. यंदा मात्र मी तिच्याकडे एक फळ मागितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

"काही नाही गं," मी म्हणालो, "बरा होतोय."

आमचं गाव भोकरदनकडच्या धावड्याच्या वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या डोंगरात. गावाच्याही वर, दोन डोंगरांनी खांदे जवळ आणून ओंजळ करावी तशा जागेत एक तलाव आहे. तलावाच्या मधोमध एक टेकाड आहे आणि पाऊस झाला की त्याचं बेट होतं. जालन्यात शिकायला गेलो तेव्हा मी वर्गातल्या मुलांना हे सांगितलं, तर ती हसली. "जालन्याकडं बेट? हंड्याएवढ्या पाण्यासाठी भांडणारे आपण!" मीही हसलो. पण सुट्टीत घरी जाऊन चढ चढलो, धापा टाकत शेवटच्या वळणावर आलो, की ते समोर असायचंच. निळं पाणी, आणि त्यात बसलेलं ते पिवळं, केसाळ बेट. पाणी प्यायला येऊन तिथंच डुलकी लागलेल्या एखाद्या जनावरासारखं.

त्या बेटाचा खरा ऋतू दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात ते नुसतं हिरवं असतं, आणि हिरवं तर तेव्हा सगळंच असतं. मार्गशीर्ष लागला की तिथलं गवत पिकायचं. आधी तुरे तांबूस व्हायचे, मग काड्या पिवळ्या, आणि सकाळचं ऊन आलं की सगळं बेट आतून दिवा लावल्यासारखं दिसायचं. पाण्यावरून वाफ उठायची. बदकं त्या वाफेतून बाहेर यायची आणि पुन्हा तिच्यात जायची. वाऱ्याची झुळूक आली की काठावर उभं राहूनही बेटावरच्या गवताची सळसळ ऐकू यायची आणि तिच्याबरोबर पिकून फुटलेल्या सीताफळांचा गोड, थोडा आंबूस वास.

हे गवत आणि ही सीताफळं गावाची. कोणा एकाची नाहीत. तलाव झाला त्या पिढीतल्या माणसांनी ठरवून दिलं होतं, की बेटावर जनावर चारायचं नाही, कुऱ्हाड न्यायची नाही, आगीची काडी न्यायची नाही. गवत पिकलं की एक दिवस सगळ्या गावानं जाऊन कापायचं, गंजी रचायची, आणि ती उन्हाळ्यात ज्याच्या दावणीला काही उरलं नाही त्याच्यासाठी ठेवायची. त्यावर राखणदार एकच, धनगराच्या घरातला. बेटावर त्यांच्या बिरोबाचे तीन शेंदरी दगड होते, म्हणून तो मान त्यांचा. माझ्या तरुणपणी राखण धोंडिबाकडे होती. आम्ही गावची पोरं त्याला धोंडूमामा म्हणायचो.

बेटावर जायला होडी नव्हती. कढई होती. खालच्या गुऱ्हाळात गूळ करायची भली मोठी लोखंडी कढई, बुडाला ठिगळ लावल्यावर गुळाच्या कामाची राहिली नाही म्हणून कोणीतरी बैलगाडीतून वर आणून पाण्यात सोडलेली. कढईला पुढं-मागं नसतं. वल्हं एका बाजूला मारलं की ती जागच्या जागी गिरकी घ्यायची. तिला सरळ नेणं एकट्या धोंडूमामाला जमायचं. आत बसणाऱ्यानं हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं तर परवानगी घेऊन. आणि बसण्याआधी प्रत्येकानं मामासमोर खिसे उलटे करायचे. चिलीम, विडी, काडेपेटी सगळं काठावर, दगडाखाली. माझ्या वडिलांनी, ज्यांना गाव दादा म्हणायचं आणि ज्यांच्यापुढं कोणी मोठ्यानं बोलत नसे, त्यांनीसुद्धा बंडीचे खिसे उलटे करून दाखवलेले मी पाहिलेत.

माझे खिसे त्यानं एकदाच पाहिले नाहीत.

मी तेव्हा जालन्यात मास्तरकीचं शिक्षण घेत होतो. सुट्टीवर आलो होतो. अंगात टेरिकॉटची पँट, आणि पँटच्या खिशात शहरात शिकलेली नवी कला, म्हणजे सिगारेट. घरी ओढायची सोय नव्हती. गावात प्रत्येक झाडाखाली कोणी ना कोणी काका बसलेला. मग बेट आठवलं.

"बापू, येकटेच?" मामानं विचारलं.

"वाचत बसतो तिथं. परीक्षा आहे."

"काडी-बिडी न्हाई ना?"

"काय मामा! मी मास्तर होणार आता."

तो हसला. मला अजून ते हसू दिसतं. त्यात कौतुक होतं. धनगराच्या कढईत बसणारा, होणारा मास्तर. त्यानं माझ्या खिशाकडं पाहिलंही नाही. उलट मी बसताना पँट ओली होऊ नये म्हणून आपलं घोंगडं खाली अंथरलं. मला बेटावर सोडून तो मेंढरांकडं परत गेला.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही, कारण घडायलाही लागला नाही. काडी विझली असं मला वाटलं. पिकलेल्या कुसळी गवतात आग धावत नाही, उडते. मी ओरडलो. मामा कढई घेऊन आला, मला दंडाला धरून तिच्यात ढकललं, कढई पायानं लोटून दिली आणि सीताफळाची ओली फांदी मोडून आगीकडे वळला. मला वल्हवता येत नव्हतं. वाऱ्यानं कढई गिरक्या घेत गावाच्या नव्हे, डोंगराच्या काठाला लागली. प्रत्येक गिरकीत मला एकदा डोंगर दिसायचा आणि एकदा आग. काठाला उतरून मी तोंड धुतलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. घाबरून पळालो असतो तर वेगळं. मी नीट, कानामागं सुद्धा पाणी लावून, राख धुतली आणि झुडपांतून वळसा घालून गावकऱ्यांच्या घोळक्यात मागं जाऊन उभा राहिलो.

मामा पोहत आला. भुवया जळाल्या होत्या. बेट काळं झालं होतं, आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्याची वैरण धूर होऊन डोंगरावर तरंगत होती.

दादांनी विचारलं, "धोंडिबा, आज बेटावर कोण गेल्तं?"

त्यानं घोळक्यावरून नजर फिरवली. ती माझ्यावर आली. ती रागाची नव्हती. एखाद्याला बोलायला जागा करून द्यावी तशी ती थांबली. मी खाली पाहिलं. मग तो म्हणाला, "राखण माही व्हती, दादा. इचारायचं ते मला इचारा."

ही राखणदाराची रीत होती. खिसे बघायचे राहिले ते त्याच्या हातून, म्हणून उत्तर त्यानं द्यायचं. तो त्याच्या चुकीबद्दल बोलत होता. गावानं मात्र तो कबुलीजबाब मानला. धनगर नवं गवत फुटावं म्हणून माळ पेटवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं कोणाला दुसरं काही सुचलंही नाही. राखण त्याच्याकडून गेली. उन्हाळ्यात गावातली जनावरं वैरणीवाचून गेली, आणि ज्या घराची जायची ते घर त्याच्या दारावरून थुंकून जायचं. पावसाआधी तो बायको आणि परकरातल्या लहान पोरीला घेऊन अंबडकडं गेला. मेंढरं विकली आणि ऊसतोडीचा कोयता हातात घेतला.

बेट दोन वर्षांत पुन्हा हिरवं झालं. सीताफळ जळतं ते वरून. मुळं शाबूत असतात. तिसऱ्या वर्षी फळंही धरली. मी मास्तर झालो, लग्न केलं, बदल्या झाल्या, निवृत्त झालो. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची पाळी आली की मी नेहमी स्वच्छतेवरचा लिहायचो. एकदा मुख्याध्यापक म्हणाले, "सर, कधीतरी सत्यावर पण लिहा." मी म्हणालो, "मुलांची नखं बघा आधी." सगळे हसले.

न बोलण्याला प्रत्येक वयात नवं कारण मिळत जातं. आधी दादांचं नाव होतं. मग नोकरी. मग मुलांची लग्नं. शेवटचं कारण सगळ्यांत सोयीचं: आता काय उपयोग? ते मी बरीच वर्षं वापरलं.

यंदा उन्हाळ्यात भोकरदनला एका लग्नात होतो. नवरदेवाच्या मित्रानं माइक घेतला आणि सोडेना. माझ्या शेजारी बसलेला, मिसरूडही न फुटलेला तरुण दुसऱ्याला म्हणाला, "ह्याच्या हातात माइक म्हंजी धोंड्याची राखण!" दोघं खिदळले. मी विचारलं, "धोंड्या कोण रे?" तो म्हणाला, "काय माहीत, आबा. म्हण हाय आमच्याकडं. ज्याच्या हवाली करावं त्यानंच वाटोळं करावं, तसं." माणूस विसरला गेला होता. मामा हा शब्दही गेला होता. राहिला तो धोंड्या, आणि तो आता तालुकाभर फिरत होता. मी आणखी काही वर्षांनी जाईन. म्हण जाणार नाही.

दिवाळी झाल्यावर मी अंबडकडं, साखर कारखान्याच्या अंकुशनगरला गेलो. पत्ता शोधावा लागला नाही. धोंडूमामाचं घर कुठं आहे हे मला इतकी वर्षं माहीत होतं. एसटीच्या खिडकीतून उसाची रानं, मळीचा वास, तुऱ्यांवर चांदीसारखं ऊन. धोंडूमामा आणि त्याची बायको केव्हाच गेले होते. ती परकरातली पोर, रखमा, आता नातवंडांची आजी. दारात म्हशीला वैरण टाकत होती. मी निवृत्त मास्तर अशी ओळख दिली आणि गावाचं नाव सांगितलं, तशी तिचा चेहरा बंद झाला.

"त्या गावचं मला काही ऐकायचं न्हाई, मास्तर. च्या घ्या अन् जा."

मी चहा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. सिगारेट, घोंगडं, तोंड धुतलं ते, त्याची नजर. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मला वाटत होतं, तिला हे बापाकडून माहीत असेल. घरात तरी त्यानं सांगितलं असेल. मी फक्त शिक्का मारायला आलोय, असं मी मनाला समजावलं होतं.

तिला माहीत नव्हतं.

"तोडीला जाताना पाय फुटायचे," ती म्हशीकडं बघत म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "मी त्याला म्हणायचे, तुह्या राखणीपायी. लग्नात मानपान झाला न्हाई, तवा म्हणले, तुह्या राखणीपायी. शेवटी पाणी पाजत व्हते, मास्तर, तवाबी म्हणले. तो निस्ता बघायचा. मला वाटायचं, लाजून राह्यला."

मी हात जोडले.

"ते नका करू," ती म्हणाली. "माफी मला मागू नका. माह्याकडं ती न्हाई. तुम्ही घरात येऊन मला कानात सांगून राह्यले. गाव सगळं ऐकत व्हतं तवा तुम्ही गप व्हते. आता गावात बोला. तिथं, बेटावर. मी येते."

"रखमा, गवतकापणीला सगळे जमतात. त्या दिवशी..."

"मंग त्याच दिवशी."

परतीच्या एसटीत मला झोप लागली. कित्येक वर्षांत मी दिवसा असा झोपलो नव्हतो.

गवतकापणीचा दिवस मार्गशीर्षातला. आता राखण सगळ्या गावाकडं आहे, म्हणजे कोणाकडंच नाही. पण कापणीची रीत टिकली आहे. कढई कधीच गंजून गेली. चार निळ्या ड्रमांवर फळ्या बांधून केलेला तराफा आहे आणि तो दोरानं ओढतात. रखमा पाण्याला घाबरत होती. तिनं माझा नाही, तराफ्यावरच्या एका अनोळखी बाईचा हात धरला. ती बाई म्हणाली, "खाली बघू नका, मावशी. समोर बघा." रखमानं समोर पाहिलं.

ते तसंच होतं. वाफ नुकती विरत होती. गवत माणसाच्या छातीएवढं, ओंब्या झुकलेल्या, आणि त्यात मधूनमधून सीताफळांची काळसर हिरवी झुडपं. काठाजवळच्या पाण्यात आकाश इतकं स्वच्छ पडलं होतं, की तराफा त्यात शिरताना मला उगाच वाईट वाटलं. पाय टेकताच पायाखालच्या गवताचा कोरडा, उबदार वास आला. इतकी वर्षं मला या वासात धूरच यायचा. त्या दिवशी आला नाही. मी पुन्हा श्वास घेऊन पाहिला.

दगडांना शेंदूर लावून झाला, नारळ फुटला, आणि विळे चालायच्या आधी मी उभा राहिलो. आयुष्यभर वर्गासमोर बोललेला माणूस मी. मी सांगितलं. फार कमी शब्दांत, आणि बहुतेक फार हळू. कारण संपल्यावर पुढंच बसलेला गणपत, माझ्या वर्गातला, आता बहिरा झालेला, कानामागं हात नेऊन ओरडला, "काय म्हून राह्यला बाप्या? काही ऐकू येईना!"

कोणीतरी हसलं. शेजारचा त्याच्या कानात सांगायला वाकला, तर रखमा म्हणाली, "तुम्ही नका सांगू. त्यांनाच सांगू द्या."

मग मी दुसऱ्यांदा सांगितलं. ओरडून. बेट मी जाळलं. धोंडूमामानं नाही. मी काडी लपवून आणली, मी खोटं बोललो, मी तोंड धुऊन तुमच्यात येऊन उभा राहिलो, गणपत, तुझ्याच शेजारी. समोरच्या डोंगरावरून माझा आवाज परत आला. पहिल्यांदा मी कबुली दिली होती. दुसऱ्यांदा, ओरडताना, ती मला स्वतःला ऐकू आली.

गणपतनं कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "माहा बैल मेल्ता त्या साली. मी धोंडूमामाच्या दारावर थुकलो व्हतो. मला काऊन थुकू देलं रे तू?"

मान फिरवून तो रखमाला म्हणाला, "पोरी, बस इथं. उन्हात उभी राहू नको."

एका तरुण बाईनं मला विचारलं, "पण त्यांनी तुमचं नाव का न्हाई घेतलं?"

यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. रीत होती म्हणून, दादांचा दरारा होता म्हणून, असं मी वेळोवेळी ठरवलं. आता म्हातारपणी मला वेगळं वाटतं. ते नाव मी स्वतः घ्यावं, एवढा त्याचा माझ्यावर भरवसा होता. होणारा मास्तर होतो ना मी. त्यानं वाट पाहिली असणार. पहिले काही दिवस, कदाचित पहिली काही वर्षं. वैरणीसारखंच मी ते त्याचं वाट पाहणंही जाळलं.

विळे चालू झाले. कोणी माझ्याशी बोललं नाही, कोणी मला जा असंही म्हटलं नाही. रखमानं एकीचा विळा मागून घेतला आणि ती ओळीत शिरली. कोयत्याच्या सवयीचा हात. बघता बघता ती सगळ्यांच्या पुढं गेली. बाया म्हणाल्या, "मावशी, दमानं, आम्हाला लाजवू नका." ती थांबेना. पार दगडांपर्यंत कापत गेली, पेंढ्या बांधल्या, आणि मग तिथंच एका सीताफळाच्या सावलीत पदरानं तोंड पुसत बसली.

मी अंतर ठेवून बसलो होतो. पाण्यावर बदकांची एक ओळ उतरली. ऊन चांगलं चढलं होतं.

"मास्तर," तिनं हाक मारली. माझ्याकडं न बघताच. "मी लहान व्हते. मला इथलं काही याद न्हाई. मी पाह्यला तो वाकलेला, मोळी उचलणारा. इथं कसा व्हता तो?"

मी थोडा जवळ सरकलो. मग एक आठवलं, जे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याचं नावच तोंडून काढत नव्हतो.

"गायचा," मी म्हणालो. "या पाण्यात उतरला की गात गात पोहायचा तो. ओव्या. आम्ही पोरं काठावर बसून ऐकायचो."

"खोटं," ती म्हणाली. तिनं आता माझ्याकडं पाहिलं. "माहा बाप जिंदगीत गायला न्हाई. बारशाला न्हाई, लग्नाला न्हाई."

"इथं गायचा."

ती हातातली गवताची काडी मोडत राहिली. मग म्हणाली, "काय गायचा?"

मला गळा नाही. शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवायचो. पण ती वाट पाहत होती, आणि या वेळी मी खाली पाहिलं नाही. घसा साफ केला आणि आठवतील तसे शब्द धरले. पहिल्याच ओळीत सूर घसरला. शेजारच्या विळ्यांचा आवाज थांबला आणि मीही थांबलो.

"चुकू द्या," रखमा म्हणाली. "म्हणा तुम्ही."